निवृत्तिवेतन आणि औषधाची चिठ्ठी

'निवृत्तिवेतन' हा शब्द अर्थाच्या दृष्टीनें थोडा चमत्कारिकच आहे. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला, आणि निवृत्ति म्हणजे कामापासून मागें वळणें. काम सोडल्यावर कामाचा मोबदला कसा मिळावा, असें एखाद्या चौकस विद्यार्थ्यानें विचारलें तर त्यास गप्प बसविणें बरें नव्हे. कारण या विषयाचें सारें मर्म त्याच्या प्रश्नांतच आहे. निवृत्तिवेतन ही सरकारनें दयाळूपणानें घातलेली भिक्षा आहे, कीं उमेदीच्या वर्षांतच कमावलेला, परंतु उतारवयासाठीं मागें ठेविलेला वेतनाचा अंश आहे?

या दोन कल्पनांतील पहिलीचें चित्र आम्हां रत्नागिरीकरांस घराजवळच पाहावयास मिळतें. १८८५ सालीं ब्रह्मदेशचें राज्य बुडाल्यावर इंग्रजांनीं तेथील थिबा राजास रत्नागिरीस आणून ठेविलें, व १९१६ सालीं मृत्यु येईपर्यंत तो येथेंच राहिला. त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा अजूनही उभा आहे. परंतु वाड्यांतील राजा नेमणुकीवर जगत होता. नेमणुकीचा आंकडा दुसऱ्यानें ठरवावयाचा, वाढीसाठीं अर्ज करावयाचे, आणि खर्च भागेना म्हणजे जवळचें जवाहीर विकावयास काढावयाचें, अशी त्याची स्थिति झाली. जें उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतें, त्यानें राजासही निश्चिंतपणा लाभत नाहीं. मग सामान्य गृहस्थाची काय कथा?

दुसऱ्या कल्पनेस स्पष्ट कायदेशीर रूप मिळालें तें १७ डिसेंबर १९८२ रोजीं. नकारा खटल्याचा निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून सेवकानें सेवेनें मिळविलेला हक्क आहे. त्या निकालाच्या स्मरणार्थ १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारकांचा दिन म्हणून पाळला जातो. हा विचार आपल्याकडे अगदींच परका होता असेंही नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त व अनाथ यांच्या पोषणाचा भार राजावर टाकला आहे. राजसेवेंत असतां मरण पावलेल्या सेवकाच्या बायकामुलांच्या निर्वाहाचीही व्यवस्था सांगितली आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांतही वार्धक्य व आजारपण यांत सरकारनें साहाय्य करावें असें तत्त्व घातलें आहे. येथें वार्धक्य आणि आजारपण यांचा उल्लेख शेजारीं शेजारीं येतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. निवृत्तिवेतनाचा विचार एका खात्यानें व औषधपाण्याचा दुसऱ्यानें करावयाचा, आणि दोघांची गांठ म्हाताऱ्याच्या बटव्यांत पडावयाची, असा प्रकार आज चालू आहे. ही गांठ धोरणांतच पडली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

एकाच शाळेंतील दोन शिक्षक

प्रथम नोकरदारांचा प्रश्न घेऊं. महाराष्ट्र सरकारच्या सेवेंत १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर लागलेल्यांस जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन नाहीं. केंद्र सरकारनें हा बदल १ जानेवारी २००४ पासूनच केला होता. परिणाम असा झाला कीं, एकाच शाळेंत, एकाच वर्गास, एकच पाठ्यपुस्तक शिकविणाऱ्या दोन शिक्षकांचें म्हातारपण मात्र दोन निरनिराळ्या प्रकारचें होणार. जुन्या शिक्षकास शेवटच्या मूळ वेतनाच्या सुमारें निम्मी रक्कम, तीवर महागाईची वाढ, व त्याच्या मागें पत्नीस कुटुंबनिवृत्तिवेतन अशी सोय आहे. नव्या शिक्षकाच्या पगारांतून दरमहा दहा टक्के रक्कम कापली जाते. सरकार आपला वांटा घालतें, तो पूर्वीं दहा टक्के होता व पुढें चौदा टक्के झाला. ही पुंजी बाजारांत गुंतविली जाते. निवृत्त होतेवेळीं तींतील साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातीं घेतां येते, व निदान चाळीस टक्क्यांची वर्षासनी विकत घ्यावी लागते. ती वर्षासनी महिन्याकाठीं किती पडेल, हें नोकरीस लागतांना कोणासही सांगतां येत नाहीं, आणि पुढें डाळतांदूळ महागले तरी ती आपोआप वाढेल अशी हमी नाहीं.

या अनिश्चिततेमुळेंच १४ मार्च २०२३ पासून २० मार्चपर्यंत महाराष्ट्रांतील सरकारी व निमसरकारी नोकरांनीं संप केला. ऐन परीक्षांच्या दिवसांत शिक्षक शाळेबाहेर व परिचारिका रुग्णालयाबाहेर बसलेल्या पाहून पुष्कळांस राग आला. परंतु त्या रागाच्या भरांत मूळ प्रश्न दृष्टीआड होऊं देणें योग्य झालें नसतें. सरकारनें निवृत्त अधिकाऱ्यांची समिति नेमली. पुढें २४ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें 'एकीकृत निवृत्तिवेतन योजना' मंजूर केली. दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती राज्याच्या नोकरांसाठीं स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राची ही योजना १ एप्रिल २०२५ पासून अंमलांत आली. तींत नोकराची दहा टक्के वर्गणी कायम आहे. परंतु पंचवीस वर्षें सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची, व दहा वर्षें सेवा झालेल्यास निदान दहा हजार रुपयांची हमी आहे. धारकाच्या पश्चात् त्याच्या निवृत्तिवेतनाच्या साठ टक्के रक्कम जोडीदारास मिळावयाची आहे.

या वादांत दोन्ही बाजूंस सत्याचा अंश आहे. नोकर म्हणतात कीं, आयुष्याची संध्याकाळ बाजाराच्या चढउतारावर टांगतां येत नाहीं. हें खरें आहे. अर्थशास्त्री म्हणतात कीं, जुन्या पद्धतींत वचन आजचें सरकार देतें व पैसे उद्यांची पिढी भरते. आणि हेंही खरें आहे. राजस्थानसारखीं कांहीं राज्यें जुन्या पद्धतीकडे परत वळलीं तेव्हां रिझर्व्ह बँकेनें त्यांस याच कारणानें सावधगिरीचा इशारा दिला होता. वर्गणी दोघांनीं भरावी आणि हमी सरकारनें द्यावी, हा मधला मार्ग आम्हांस बरा वाटतो. मात्र तो स्वीकारतांना मंत्रालयांतील लिपिक व खेड्यांतील अनुदानित शाळेचा मास्तर यांत भेद होऊं नये.

अठ्ठावन्न रुपयांचें दारिद्र्य

परंतु नोकरदारांचा हा वाद कितीही मोठा असला तरी समाजाच्या एका लहान भागाचाच आहे. ज्यांच्या म्हातारपणाविषयीं संपही होत नाहीं व समितीही बसत नाहीं, असे लोक आपल्या जिल्ह्यांत घरोघरीं आहेत. आंब्याच्या बागेंत जन्म घालविलेला गडी, होडीवरचा खलाशी, लावणीच्या दिवसांत चिखलांत वांकून कंबर गेलेली कुणबीण, आणि आपल्याच घरीं वीसवीस वर्षें भांडीं घासणारी बाई, यांच्या निवृत्तीचा दिवस कोणत्याही सेवापुस्तकांत लिहिलेला नसतो. मुंबईच्या कापडगिरण्या ज्यांच्या श्रमांवर चालल्या त्यांत रत्नागिरीचा चाकरमानी मोठ्या संख्येनें होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील कित्येक रिकाम्या हातांनीं गांवीं परतले. भविष्यनिर्वाह निधीस जोडलेली निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजीं सुरू झाली. तोंवर त्यांतील पुष्कळांची नोकरीच संपली होती. त्या योजनेंतही किमान निवृत्तिवेतन २०१४ सालीं ठरलें तें महिना एक हजार रुपये.

ज्यांस यांपैकीं कांहींच नाहीं, त्यांच्यासाठीं 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' आहे. पासष्ट वर्षांवरील निराधारांस तींतून २०२३ पासून महिना दीड हजार रुपये मिळूं लागले. त्यापूर्वीं एक हजार मिळत. वृद्धांच्या निवृत्तिवेतनांत केंद्र सरकारचा वांटा ऐंशीच्या आंतील माणसामागें महिना दोनशें रुपये ठरला, व जवळजवळ दोन दशकें तो तेथेंच थांबला.

या योजनेंत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षास २१,००० रुपये घालण्यांत आली. वाचकांनीं हा भागाकार स्वतः करून पाहावा. दिवसास अठ्ठावन्न रुपयेही पडत नाहींत. म्हणजे साऱ्या कुटुंबाची मिळकत रोजची साठ रुपये असेल तर त्या घरांतील वृद्ध या हिशेबानें निराधार ठरत नाहीं! आज कोणत्याही मजुराचा एका दिवसाचा रोज याच्या कितीतरी पट आहे. अशा अटीमुळें दोनच गोष्टी घडतात: प्रामाणिक माणूस बाहेर राहतो, आणि इतरांस उत्पन्नाचा खोटा दाखला काढण्याची संवय लागते. सरकारनें आपल्याच नियमानें लोकांस असत्य शिकवावें, हें आम्हां शिक्षकांस तरी सहन होण्यासारखें नाहीं.

शेजारच्या नेपाळनें या बाबतींत आपल्याहून सरळ मार्ग धरला. त्या देशाची श्रीमंती आपल्याहून अधिक नाहीं. तरीही १९९५ सालीं तेथें पंचाहत्तरीपुढील नागरिकांस महिना शंभर नेपाळी रुपये देण्यास आरंभ झाला. पुढें वयाची अट खालीं आणली व रक्कम वाढवीत नेली, ती चार हजार नेपाळी रुपयांवर, म्हणजे आपल्या अडीच हजारांवर, पोहोंचली. उत्पन्नाचा दाखला मागावयाचा नाहीं. वय झालें एवढेंच पाहावयाचें. दाखला नाहीं म्हणून दाखल्यामागची लाच नाहीं, खेटे नाहींत व खोटेपणाही नाहीं.

पांच लाखांचें कार्ड व रोजची गोळी

आतां आरोग्याकडे वळूं. गेल्या कांहीं वर्षांत या क्षेत्रांत बरेंच झालें आहे, तें आधीं कृतज्ञतेनें नमूद करतों. राज्याची जीवनदायी योजना २०१२ सालीं सुरू झाली. तीच पुढें 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' झाली, व २०२३ सालीं ती सर्व नागरिकांस लागू करून मर्यादा पांच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. केंद्राची आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजीं निघाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, गरीब असो वा सधन, तिचा लाभ खुला झाला. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले. रत्नागिरींत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलें आहे. चिपळूण तालुक्यांत डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानेंही मोठा आधार दिला आहे.

मग उणें काय राहिलें? विम्याचीं हीं कार्डें मुख्यतः रुग्णालयांत दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. हृदयाची शस्त्रक्रिया, मोडलेलें खुब्याचें हाड, कर्करोग, अशा संकटांत त्यांचें मोल फार मोठें आहे. परंतु म्हातारपणाचा आजार बहुधा संकटासारखा अंगावर येत नाहीं. तो बिऱ्हाडकरूसारखा घरांत राहावयास येतो. रक्तदाब, मधुमेह, दमा, गुडघे, मंद झालेली दृष्टि, यांपायीं रोज गोळी लागते व ठराविक मुदतीनें तपासणी करावी लागते. हा खर्च पांच लाखांच्या कार्डांत बसत नाहीं. समजा, एका विधवा वृद्धेस श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळतात व तिच्या औषधांस सातशें रुपये लागतात. तर सरकारनें एका हातानें दिलेल्या रकमेपैकीं जवळजवळ निम्मी औषधाच्या दुकानांत गेली. पैसे संपले म्हणजे ती काय करते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती एक दिवसाआड गोळी घेते. मग एके दिवशीं पक्षाघात होतो, आणि तेव्हां कुठें तें कार्ड कामास येतें. महिन्यास थोडक्या रुपयांची गोळी न दिल्यामुळें लाखाचा खर्च ओढवून घेण्याची ही पद्धति हिशेबाच्या दृष्टीनेंही चुकीची आहे. मग माणुसकीची गोष्ट बाजूलाच राहो.

आपल्या जिल्ह्यांत या अडचणीस भूगोलाचीही जोड मिळते. मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके. मध्यें खाड्या, डोंगर, आणि एकमेकांपासून दूर पसरलेल्या वाड्या. २००१ च्या जनगणनेंत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ सालीं १६,१५,०६९ झाली. म्हणजे देश वाढत असतां आपला जिल्हा घटला. हजार पुरुषांमागें स्त्रिया १,१२२ भरल्या. कर्तीं माणसें मुंबई-पुण्यास, आणि मागें वृद्ध व त्यांतही बहुधा वृद्धा, असाच या आंकड्यांचा अर्थ आहे. मोठ्या उपचारासाठीं आंबा घाट चढून कोल्हापुरास जाणें रत्नागिरीकरांस नवें नाहीं. परंतु एका गोळीच्या पाकिटासाठीं दुर्गम वाडीवरच्या म्हातारीनें एस. टी. ची वाट पाहत दिवस मोडावा काय?

याचें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. रक्तदाब आटोक्यांत आणण्याचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ सालीं निघाला, त्यांत पहिल्या जिल्ह्यांमध्यें आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गाचा समावेश होता. त्याची पद्धति अगदीं साधी आहे: ठरलेलीं थोडींच पण खात्रीचीं औषधें ठेवावयाचीं, एका वेळीं महिन्याचा पुरवठा द्यावयाचा, तो शक्य तितका घराजवळच्या केंद्रांतून द्यावयाचा, आणि जो रुग्ण ठरल्या दिवशीं आला नाहीं त्याचा नोंदवहीवरून शोध घ्यावयाचा. १९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीनें खर्च झेपत नाहीं म्हणून कोणीही उपचारांवांचून राहूं नये, हें तत्त्व सांगितलें व खेडोपाडीं प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली. केंद्रांच्या इमारती पुष्कळ ठिकाणीं उभ्या राहिल्या. डॉक्टर, परिचारिका व औषधें यांचा अखंड पुरवठा मात्र अजून साधावयाचा आहे.

खासगी विम्यानें हें काम होईल अशी आशा कांहीं सुशिक्षितांस वाटते. पासष्टीनंतर नवा आरोग्यविमा घेण्यावरील वयाची आडकाठी १ एप्रिल २०२४ पासून उठली, व २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत विम्याच्या हप्त्यावरील करही गेला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु वयाबरोबर हप्ता चढत जातो, आणि ज्यास गोळीचे पैसे पुरत नाहींत त्यानें हप्ता कशाचा भरावा?

काय करावें

वरील विवेचनावरून धोरणांत कोणते पालट व्हावेत तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, ज्यांस दुसरें कोणतेंही निवृत्तिवेतन नाहीं अशा प्रत्येक वृद्धास वयाच्या एकाच पुराव्यावर किमान निवृत्तिवेतन मिळावें. उत्पन्नाच्या दाखल्याची अट काढून टाकावी. दुसरी, आमच्यासारख्यांच्या निवृत्तिवेतनास महागाईची वाढ मिळते, तशीच ती या किमान रकमेसही ठराविक मुदतीनें मिळावी. निवडणुकीची वाट पाहावी लागूं नये. तिसरी, पैसे महिन्याच्या ठरल्या तारखेस जमा व्हावेत; वृद्धास चार महिन्यांचे एकदम मिळाले तरी मधल्या तीन महिन्यांची उपासमार भरून निघत नाहीं. चौथी, नित्याचीं औषधें महिन्यापुरतीं गांवच्या उपकेंद्रांत विनामूल्य मिळावीं, व अंथरुणास खिळलेल्यांस आशा सेविकेमार्फत घरपोंच व्हावीं. आणि त्या सेविकेस या जादा कामाचा योग्य मोबदला मिळावा.

पैसा कोठून आणावा, असें कोणी विचारील. त्याचा एक भाग वांचलेल्या शस्त्रक्रियांतूनच निघेल. उरलेल्यासाठीं आम्ही स्पष्ट बोलतों. जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपैकीं आम्हीही आहों. तें आमच्या हक्काचें आहे, व तें सोडावें असें आम्ही कोणास सुचवीत नाहीं. परंतु ज्या तिजोरींतून तें येतें तींत साबणाच्या वडीवरील कराच्या रूपानें ती भांडीं घासणारी बाईही भर घालीत असते. तेव्हां वरच्या पायरीवरील मोठमोठ्या निवृत्तिवेतनांच्या वाढीचा वेग कांहीं वर्षें थोडा मंदावून खालच्या पायरीस हात द्यावयाचा झाल्यास, आपल्या वर्गानें त्यास विरोध करूं नये. हक्क हा शब्द आपल्यापुरता उच्चारणारास तो फार काळ टिकवितां येत नाहीं.

सरकार करील तेव्हां करील. तोंवर घरच्या मंडळींनीं करण्यासारखें पुष्कळ आहे. घरांत कोणी सत्तरी ओलांडलेलें असेल तर त्यांचें आयुष्मान कार्ड आजारपण येण्यापूर्वींच काढून ठेवावें. वडील माणसांच्या औषधांची यादी, मूळ औषधाचें नांव व प्रमाण यांसह, एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी. जनौषधी दुकानांत तेंच औषध पुष्कळदां निम्म्याहून कमी किंमतीस मिळतें, तें डॉक्टरांस विचारून घ्यावें. नोव्हेंबर महिना येतांच हयातीच्या दाखल्याची आठवण सुनांनीं व नातवंडांनीं ठेवावी. आणि आपल्या घरीं राबणाऱ्या बाईचें वय झालें असेल तर तिच्या वयाचे कागद शोधून, अर्ज भरून, तिच्याबरोबर तहसील कचेरींत जाण्याचें काम घरांतील एखाद्या शिकलेल्या मुलानें किंवा मुलीनें अंगावर घ्यावें. दोन दिवस मोडतील, पण नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील चार धड्यांहून अधिक शिक्षण त्यांत होईल.

मुंबईकर मंडळींसही एक विनंति आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं पुढील मोठीं कार्यें हातीं घेण्यापूर्वींच आपल्या मुरूड गांवासाठीं 'मुरूड फंड' उभा केला होता. गांवाबाहेर मिळविणारांनीं गांवाच्या सार्वजनिक कामासाठीं वर्गणी द्यावी, ही त्यामागची कल्पना. आज गणपतीस व शिमग्यास गांवीं येणारीं मंडळें देवळाचा रंग व मांडवाची रोषणाई यांसाठीं उत्साहानें वर्गणी जमवितात, तें चांगलेंच आहे. त्याच वर्गणींतून वाडींतील निराधार वृद्धांच्या महिन्याच्या औषधांची तरतूद झाली, आणि उपकेंद्रांत औषध कां नाहीं याची लेखी विचारणा मंडळाच्या नांवानें दरमहा होऊं लागली, तर धर्मादाय व लोकमत हीं दोन्ही एकाच वेळीं उभीं राहतील. सरकारचें कर्तव्य वर्गणीनें फिटत नाहीं, हें खरें. परंतु लेखी विचारणा करणारे लोक गांवांत असले, म्हणजे तें कर्तव्य विसरणें सरकारास कठीण जातें.